कपाटाच्या दारावरची यादी

औषधाच्या खोलीत काय काय होतं ते मला आजही क्रमाने सांगता येतं. दारातून आत आलं की डावीकडे लोखंडी खाट, तिच्यावर हिरवं रेक्झिन, एका कोपऱ्यात फाटलेलं आणि चिकटपट्टी लावलेलं. खाटेशेजारी वजनाचा काटा. तो दीड किलो जास्त दाखवायचा आणि तसं मी काट्यावरच लिहून ठेवलं होतं. मग खिडकी, खिडकीखालच्या ओट्यावर विजेची शेगडी आणि तिच्यावर ओव्याच्या पाण्याचं पातेलं. उजवीकडे दोन दारांचं पत्र्याचं कपाट, त्यात कापूस, आयोडिन, पट्ट्या, थर्मामीटर दोन, आणि सर्वांत खालच्या खणात सात-आठ जुने पण धुतलेले फ्रॉक आणि चड्ड्या, कारण शाळेतल्या दुखण्यांपैकी अर्धी दुखणी कपडे बदलले की बरी होतात. खांदा कॉलनीतल्या त्या मराठी शाळेत मुलं तिला औषधाची खोली म्हणायची आणि मला नर्सबाई. नर्सिंग पूर्ण करून मिळालेली ती माझी पहिली नोकरी. मी तेवीस वर्षांची होते आणि त्या खोलीची सर्वेसर्वा होते.

याद्या करायची सवय मला वडिलांकडून आली. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर होते. आलेल्या प्रत्येक ट्रकचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन त्यांच्या अक्षरात उतरायचं. आम्ही बाजारापासून जवळच, वसाहतीतल्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. सकाळी सहाला सळया उतरवायला सुरुवात व्हायची. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. एखाद्याने शंभर पळ्या एकदम जमिनीवर टाकाव्यात आणि तसं दिवसभर करत राहावं. पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र रविवारी बाजार बंद असला की चुकल्यासारखं व्हायचं आणि आई म्हणायची, आज कान रिकामे वाटतात. आई त्या आवाजातच तांदळाच्या भाकऱ्या थापायची. माझ्या डब्यात दोन भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि बाजूला कागदात सुक्या जवळ्याची चटणी असायची. चटणीचा वास औषधाच्या खोलीत पसरू नये म्हणून मी डबा जिन्याखाली बसून खायचे.

आई शेतकऱ्याघरची, गावात वाढलेली. माझ्या नोकरीबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. "ओव्याचं पाणी पाजायला तीन वर्सं शिकायला कशाला लागतंय? ते तर मी पण पाजते," असं ती शेजारणींसमोर म्हणायची आणि मी तोंड फिरवून बसायचे. कारण ते खरं होतं. माझ्या बरोबरीच्या मुली मोठ्या हॉस्पिटलांत होत्या. त्या भेटल्या की ऑपरेशन थिएटरच्या गोष्टी सांगायच्या आणि मी ऐकून घ्यायचे. शीर शोधून सुई लावायला मी शिकले होते, पण वर्षभरात एकाही शिरेला हात लावला नव्हता. हात विसरत चालले आहेत अशी मला भीती वाटायला लागली.

त्या हातांना मात्र एक वेगळंच काम लागलं होतं, आणि ते काम आहे हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पोट दुखतंय म्हणून मूल आलं की मी त्याला खाटेवर निजवायचे. ओव्याचं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतायचे आणि ते पिण्याइतकं निवेपर्यंत पेला दोन्ही हातांत धरून उभी राहायचे. मग पेला ठेवून तोच गरम झालेला तळवा मुलाच्या पोटावर ठेवायचे. बेंबीजवळ, मग डावीकडे, मग उजवीकडे खाली, जरा दाबून सोडायचा. सोडताना मूल कळवळलं तर ते अपेंडिक्स असू शकतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. दहातली नऊ मुलं कळवळायची नाहीत. डोळे मिटून घ्यायची. दहा मिनिटांनी उठून वर्गात जायची. मी रजिस्टरमध्ये नाव लिहून पुढे पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. टिंब म्हणजे शाळेचं दुखणं. खऱ्या दुखण्यापुढे लाल खूण.

सर्वांत जास्त टिंबं समीनाची होती. सहावी ब, दोन वेण्या, एका पायातला मोजा कायम खाली घसरलेला. घर पनवेल बाजाराच्या मागे, वडील कुवेतला. आठवड्यातून दोन-तीनदा, लहान सुट्टी संपून गणिताचा तास सुरू व्हायच्या आधी ती दारात उभी राहायची आणि आत यायच्या आधीच सँडल काढायची. बोलायची थोडं. एकदा मात्र माझा तळवा पोटावर असताना डोळे न उघडता म्हणाली, "बाई, तुमचा हात इस्त्रीसारखा आहे." मी म्हटलं, इस्त्री झाली, आता उठ, गणिताच्या बाई वाट बघतायत. ती उठली. ती नेहमी उठायची, कधी हुज्जत घातली नाही.

पनवेलमधल्याच एका हॉस्पिटलमधून बोलावणं आलं तेव्हा मी दोन दिवसांत होकार दिला. शनिवारी शाळेत शेवटचा अर्धा दिवस, सोमवारी सकाळी वॉर्डात हजर. माझ्या जागी अर्चना नावाची मुलगी येणार होती, माझ्याहूनही लहान. तिची अडचण होऊ नये म्हणून मी शुक्रवारी फुलस्केप कागदावर यादी केली. वर्षभराच्या रजिस्टरमधून निवडून नेहमी येणारी अकरा मुलं. चार नंबरला ओंकार, डब्यात पालक असला की मळमळ. सहा नंबरला कविता, नाक फुटतं, घाबरू नये, डोकं पुढे झुकवावं. नऊ नंबरला: समीना, सहावी ब, गणिताच्या तासाआधी पोटदुखी, शाळेचं दुखणं, ओव्याचं पाणी, दहा मिनिटं, वर्गात परत. कागद मी कपाटाच्या दाराला आतून डिंकाने पक्का चिकटवला. चारही कोपरे दाबून बघितले. इतकं नेटकं काम झालं होतं की वडिलांना दाखवावंसं वाटलं. मुलांचा निरोप घ्यायचं मात्र माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. नर्सबाई गेल्या तर मुलांना काय त्याचं, असं मला वाटलं.

हॉस्पिटलमध्ये बायकांच्या सर्जिकल वॉर्डात माझी नेमणूक झाली. लहान मुलीही तिथेच असायच्या. तिथल्या प्रमुख दळवी सिस्टर, पन्नाशीच्या, सतत दाढेखाली लवंग. पहिल्याच दिवशी मी एका बाईला सुई लावताना तीनदा चुकले. दळवी सिस्टरनी माझ्या हातातून सुई घेतली, एका झटक्यात लावली आणि विचारलं की आधी कुठे होतीस. मी सांगितलं. तेव्हापासून माझं नावच 'शाळा' पडलं. "ए शाळा, सातची सलाईन बघ." "शाळा, इथे आजारी माणसं असतात, डबा न आवडलेली नाही." वॉर्डातल्या मावशीसुद्धा पदराआड हसायच्या. मी वही केली: कुठलं इंजेक्शन, किती वेळाने, कुठल्या बेडला. सहा आठवड्यांत हात बसला आणि चुका थांबल्या. पण लहान सुट्टीच्या वेळेला, म्हणजे साडेदहाच्या सुमाराला, मी काम करता करता दाराकडे बघायचे. दारात कोणी नसायचं. वॉर्डात कोणी दारात येऊन उभं राहत नाही. स्ट्रेचरवरून आणतात, नाहीतर खुर्चीवरून.

आणि एका दुपारी खुर्चीवरून समीनाला आणलं.

मी आधी मोजा ओळखला. मग ती वर बघेना म्हणून मी खाली वाकले, तर चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ सुकले होते. आई बरोबर होती, बुरख्याचा पडदा मागे टाकलेली, कडेवर एक तान्हं मूल. ती मला ओळखत नव्हती. मी समीनाला बेडवर घेतलं आणि पोटावर हात ठेवला. पेला नव्हता, हात गार होता. पोट लाकडासारखं कडक लागलं. मी दाबलंसुद्धा नाही. सरळ दळवी सिस्टरना हाक मारली. डॉक्टर आले, दोन मिनिटांत बघितलं, आणि म्हणाले की अपेंडिक्स फुटलंय, बहुधा कालच, थिएटर तयार करा.

ऑपरेशन चालू असताना मी आईला बाकावर बसवून माहिती भरून घेतली. ताप कधीपासून, उलटी कधी झाली. ती सांगत होती की घरी सासू अंथरुणाला खिळलेली आहे, दोन मुलं जुळी आहेत, एक हे आणि दुसरं नणंदेकडे ठेवलंय. "दोन दिस ही जेवली नाय, सिस्टर. मी पुसलं, तर बोलली भूक नाय. आज शाळेतून आली आणि उंबऱ्यातच बसली." शाळेत कोणाला सांगितलं नाही का, तिथे नर्स असते, असं मी विचारलं. आई म्हणाली की तेच तिला कळत नव्हतं. पूर्वी ही सारखी नर्सबाईंचं नाव घ्यायची, आता बरेच दिवस त्या खोलीकडे जातच नाही. मी अर्चनाच्या नावाने मनात दात खाल्ले. नवीन मुलगी, रागावली असेल, मुलांना हाकलत असेल. मी फॉर्म भरत होते आणि वाक्यं तयार करत होते, तिला काय काय सुनवायचं त्याची. पाच मुद्दे झाले. सहज बोलायला म्हणून मी आईला म्हटलं की गणिताची भीती तिला फारच आहे. आईने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "गनिताची? गनितात तर पैकीच्या पैकी आणते. अब्बाला फोनवर पाढे म्हणून दाखवते."

मी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. पोटात पू झाला होता. नाकात नळी, पोटाला एक नळी, तोंडाने पाण्याचा थेंब नाही. ताप उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. डॉक्टर राउंडला आले की तिचा तक्ता दोनदा वाचायचे, आणि दोनदा वाचतात म्हणजे काय हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. अशा ऑपरेशननंतर आतडी झोपतात. ती जागी झाली की वारा सरतो. तोवर खायला नाही आणि जिवाची खात्रीही नाही. त्यामुळे सगळा वॉर्ड त्या एका गोष्टीची वाट बघत होता. समोरच्या बेडवरची म्हातारी, गावाकडची, दर तासाला ओरडून विचारायची, "पोरी, पादली का नाय अजून?" समीना लाजून चादर तोंडावर ओढायची. तिची आई बिचारी भिंतीकडे बघायची. मी रोज सकाळी वेळेआधी अर्धा तास यायचे, माझ्या बेडांची यादी दळवी सिस्टरना म्हणून दाखवायचे आणि तिचं नाव आलं की आवाज बदलू नये म्हणून जपायचे.

चौथ्या दिवशी सकाळी ताप नव्हता. मी ड्रेसिंगचं ताट घेऊन गेले तर तिने मला खाली वाकायची खूण केली आणि कानात सांगितलं, "बाई, झालं. पण त्या आजींना सांगू नका." मी ताट ठेवलं आणि तक्त्यावर वेळ लिहिली. आजीला अर्थातच पाच मिनिटांत कळलं आणि तिने दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं.

त्याच दुपारी, आई घरी जाऊन यायला गेली होती तेव्हा, मी समीनाजवळ बसून विचारलं की पोट दुखत होतं तर औषधाच्या खोलीत का गेली नाहीस. नव्या बाई रागावतात का?

"नाही. त्या चांगल्या आहेत. गोळी देतात, चॉकलेटची."

"मग?"

ती सलाईनच्या थेंबांकडे बघत म्हणाली, "तुम्ही गेलात ना, त्याच्या मंगळवारी मी गेले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि दारावर वाचून बघितलं. मग मला पाणी दिलं. त्या पेला धुवायला गेल्या तेव्हा मी पण वाचलं." मग तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, मला दुखत नाही ते? पहिल्यापासून?"

मी म्हटलं, होतं.

"मग हात का ठेवायचात?"

 याचं उत्तर मी नंतर बऱ्याच प्रकारे लिहून बघितलं आहे. त्या अकरा ओळींत पाणी होतं, मिनिटं होती, तास होता, हात नव्हता. हाताने आपोआप होणारी गोष्ट लिहायला सुचत नाही. अर्चनाने माझी यादी तंतोतंत पाळली होती. आणि समीनाने ती वाचून ठरवलं होतं की दुखतंय असं आता आपण कुठेच सांगायचं नाही, कारण आपलं नाव खोट्यांत लिहिलेलं आहे. खरं दुखायला लागलं तेव्हाही तिने ते ठरवलेलं पाळलं. गणिताच्या तासाचं म्हणाल, तर तासाच्या सुरुवातीला बाई आधी झालेलंच घोकून घ्यायच्या आणि तिला ते सगळं येत होतं. चुकवलं तरी चालेल असा तो एकच तास होता, म्हणून ती त्या तासाला यायची.

मी दळवी सिस्टरना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या हसतील किंवा ओरडतील. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "यादी केलीस त्यात काही वाईट नाही. मी पण करते. मुलांच्या डोळ्यासमोर चिकटवलीस ते वाईट," त्या म्हणाल्या. "उद्या तुझी सुट्टी आहे ना? जा, काढून ये." आणि मी वळल्यावर मागून, "शुभांगी, चाकू घेऊन जा. डिंक असेल." त्या वॉर्डात माझं नाव पहिल्यांदा तेव्हा घेतलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी शेअर रिक्षाने खांदा कॉलनीला गेले. खोली तशीच होती. काट्यावर माझी दीड किलोची नोंद होती, पातेल्यातून ओव्याचा वास येत होता. शेगडीजवळ कुंडीत तुळस आली होती, ती अर्चनाची. ती धावतच पुढे आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या यादीने मला इतकं सोपं झालं." तिला सुनवायचे पाच मुद्दे मी केव्हाच टाकून दिले होते. तिला खाटेवर बसवून मी घडलेलं सांगितलं आणि चूक माझी आहे हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ते तिने ऐकलं नाही, रडायलाच लागली. मग मी कपाट उघडलं. यादी होती. नऊ नंबरच्या जागी भोक होतं. कोणीतरी खोडरबराने नाव पुसायचा प्रयत्न केला होता आणि पेनाची शाई जाईना म्हणून इतकं घासलं होतं की कागदच फाटून खालचा पत्रा दिसत होता.

मी कागद काढत असतानाच दारात एक मूल येऊन उभं राहिलं. ओंकार, सातवी अ. पालक. अर्चनाने सवयीने कपाटाकडे बघितलं, तिथे आता नुसते डिंकाचे डाग होते. तेव्हा तिने त्यालाच विचारलं, कुठे दुखतंय? तो खाटेवर आडवा झाला. तिने पेल्यात पाणी ओतलं आणि पेला लगेच त्याच्यापुढे केला. मी म्हटलं, थांब, आधी तू धर. दोन्ही हातांनी. ती पेला धरून उभी राहिली आणि मी, ती पेला खाली ठेवून हात त्याच्या पोटावर कधी ठेवते याची वाट बघत, पर्स खांद्याला लावून दाराशी उभी राहिले. मधे दोनदा माझाच तळवा उघडला आणि मिटला. ती खोली आता तिची होती. तास झाल्याचे टोल पडले तेव्हा मी जिना उतरत होते. जिन्याखाली माझी डबा खायची जागा होती, तिथे कोणीतरी मोडकी बाकं रचली होती.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. वॉर्डाची प्रमुख मी आहे, दळवी सिस्टर कधीच निवृत्त झाल्या, आणि नवीन विमानतळावर उतरणारी विमानं राउंडच्या वेळी खिडकीतून दिसतात. हॉस्पिटलात मी जे शिकले ते शाळेत कधीच शिकले नसते, आणि तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे जे आले ते सगळे आजारी होते. काही होत नसताना नुसतं येऊन सँडल काढून उभं राहिलेलं इथे कोणी नाही. साडेदहाला मी अजून दाराकडे बघते.

ती यादी माझ्या फायलीत आहे. सुट्टीनंतरच्या सकाळी मी ती पर्समधूनच वॉर्डात नेली होती. समीना उशीला टेकून बसली होती, पेज प्यायली होती, नाकातली नळी निघाली होती. तिला मी सांगून गेले होते; यादी काढली का, तिने विचारलं. मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीकडे धरला, भोकातून बोट घालून हलवलं, आणि टाके दुखतील म्हणून हसू दाबलं. मग विचारलं, "तुम्ही परत शाळेत येणार?"

मी म्हटलं, नाही गं.

तिने कागदाची नीट घडी करून मला परत दिली. बाजूच्या टेबलावर तिच्या आईने आणलेल्या चहाचा पेला होता, माझ्यासाठी. मी तो दोन्ही हातांत धरून उभी राहिले, तो निवायला हवा होता म्हणून. समीना बघत होती. तिने चादर बाजूला केली. मी पेला ठेवला आणि तळवा तिच्या पोटावर ठेवला, वरच्या बाजूला, पट्टीपासून लांब.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

तिने डोळे मिटले. "कुठेच नाही," ती म्हणाली.